पालकाचे नाव : स्वतः

त्रुटीसाहेबांच्या हातून चूक होऊ शकते ही गोष्ट त्यांच्या घरात, कचेरीत आणि इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर कोणालाच ठाऊक नव्हती. खुद्द त्रुटीसाहेबांना तर ती ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. पाणीपुरवठा कचेरीत नव्या नळजोडणीच्या टेबलावर ते सव्वीस वर्षं बसले होते. या सव्वीस वर्षांत पहिल्याच फेरीत पास झालेले अर्ज हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच, आणि त्यातलेही दोन तर साहेब तापाने घरी होते त्या दिवशी निसटलेले. बाकी सगळे 'त्रुटी दूर करून फेरसादर करावा' असा शेरा घेऊन परत. राहून गेलेली सही ही त्यांची खास आवडती त्रुटी. माणूस चार पानं भरतो, नकाशा जोडतो, शेजाऱ्याचं नाहरकत पत्र आणतो आणि सही विसरतो. असा अर्ज हाती आला की साहेब चष्मा काढत, पुसत, परत घालत आणि समोरच्याकडे कीव केल्यासारखे बघत. सही विसरणारा माणूस घरी नळ तरी नीट बंद करत असेल का, अशी शंका त्यांना मनापासून येई.

त्यामुळे लेकीचा पशुवैद्यकीच्या प्रवेशाचा अर्ज कोण भरणार, हा प्रश्न घरात निघालाच नाही.

त्या कॉलेजात जागा साठ आणि दरवर्षी अर्ज चार हजारांच्या घरात. माणसांचा डॉक्टर होणं सोपं, असं लोक म्हणत आणि तसं म्हणणारे बहुतेक दोन्हीकडे नापास झालेले असत. शिवाय कॉलेजचा नियम होता की एका विद्यार्थ्याला प्रवेशाच्या फक्त दोन संधी. लेकीची पहिली संधी मागच्या वर्षी गेली होती, तीन नंबरांनी. ही दुसरी. ही गेली की विषय संपला, मग आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाईगुरांकडे रस्त्यावरून बघायचं.

हे ती पोर विसरली नव्हती. गेलं वर्षभर ती रोज सकाळी जनावरांच्या दवाखान्यात जात होती. अर्जासोबत साठ तासांच्या अनुभवाची वही लागायची. हिचे तीनशे भरले होते आणि प्रत्येक दिवसापुढे तिथल्या डॉक्टरांची सही होती. साहेबांची अट एवढीच की चपला दाराबाहेर आणि कपडे थेट बादलीत. तिथे ती नेमकं काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. वासावरून साधारण अंदाज येत होता आणि तेवढा त्यांना पुरेसा होता.

अर्ज अकरा पानी होता. मी भरते, असं लेक एकदा म्हणाली. तेव्हा साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती पुन्हा म्हणाली नाही. रविवारी दुपारी त्यांनी जेवणाचं टेबल ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसलं. पट्टी मांडली, दोन पेनं मांडली, तिसरं राखीव ठेवलं. बायकोला सांगितलं की आज सगळ्यांनी ओट्यापाशी उभं राहून जेवावं. तिने ताटं उचलली आणि काही बोलली नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली की न बोलण्याचेही बरेच प्रकार हाताशी येतात, त्यातला हा चौथा होता.

पहिलं पान तर हात आपोआप भरत गेला. वीज, गॅस, टेलिफोन, विमा, घराचा कर, त्या घरात आलेला प्रत्येक अर्ज साहेबांनीच भरला होता आणि पहिली पानं सगळीकडे सारखीच असतात. पान संपतंय तोवर खालच्या मजल्यावरचे औषधवाले आले. त्यांचं दुकान माणसांच्या औषधांचं, पण सल्ल्याच्या बाबतीत त्यांनी मनुष्यप्राण्यापुरतं कधी स्वतःला आखून घेतलं नव्हतं. अक्षर मोठं काढा, समितीला वयामुळे दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. मोठ्या जनावरांची आवड आहे असं कुठेतरी घुसवा, लहान जनावरांवर आजकाल कोणी मार्क देत नाही, असंही सांगितलं. साहेबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं, तोवर पाच वाजले. बाकीची पानं पुढच्या रविवारी भरली : गुण, आसनक्रमांक, स्त्री की पुरुष, फोटो, अनुभवाची वही. शेवटी सहीच्या जागा दोन होत्या. साहेबांनी एकही रिकामी ठेवली नाही.

मग त्यांनी अर्ज तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा त्यात काही निघालं नाही. लेकीने बघायला मागितला तर पाकीट चिकटवून झालंय म्हणाले.

महिनाभराने कॉलेजच्या फलकावर यादी लागली. एकशेवीस नावं होती. या एकशेवीस जणांनी जनावर हाताळण्याच्या चाचणीला यायचं आणि त्यातले साठ घ्यायचे. फलकापुढे ही गर्दी. लेकीने वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, मग बोट ठेवून वाचलं. मग ती बाजूला झाली आणि सायकली लावतात तिथल्या पायरीवर जाऊन बसली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं, असं साहेबांना वाटलं, कारण रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं हे तरी माहीत असतं.

यादीच चुकली असणार अशी साहेबांची खात्री होती. ते चष्मा सारखा करून एकपासून वाचायला लागले आणि चौदाला अडखळले. चौदाव्या नंबरावर त्यांचंच नाव होतं. म्हणजे त्यांच्याच नावाचा, त्यांच्याच वडिलांच्या नावाचा आणि त्यांच्याच आडनावाचा कोणी मुलगा चौदावा आला होता. एवढ्या दुःखातही साहेबांना बरं वाटल्याशिवाय राहिलं नाही. ते लेकीजवळ गेले, तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि तिचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून त्यांनी हा योगायोग सांगितला. कोणाचं पोरगं आहे कोण जाणे, पण आईबापांनी मेहनत घेतलेली दिसते, असं म्हणून त्या मुलाचे गुणही सांगितले, दशांश चिन्हासकट.

लेकीने मान वर केली.

"बाबा," ती म्हणाली, "हे माझे गुण आहेत."

साहेबांना आधी काही कळलं नाही. मग हळूहळू त्यांच्या डोळ्यांपुढे पहिलं पान उभं राहिलं. उमेदवाराचे नाव. त्यापुढे त्यांचं स्वतःचं नाव, टपोऱ्या अक्षरात. जन्मतारीख, त्यांची. पत्ता, बरोबर. आणि त्याखाली 'पालकाचे नाव' या रकान्यात त्यांनी झोकात लिहिलं होतं : 'स्वतः'. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांच्या अर्जांवर जेवढे शेरे मारले ते सगळे एकदम आपल्या अंगावर चालून येताहेत असं त्यांना वाटलं. साहेबांना पहिल्यांदाच लेकीकडे बघायची भीती वाटली.

दुरुस्तीच्या खिडकीत एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पट्टी होती, दोन पेनं होती आणि तिसरं राखीव होतं. बाईंनी अर्ज काढला आणि पट्टी एकेका रकान्याखाली सरकवत वाचला. नाव आपलं, जन्मतारीख आपली, दोन्ही सह्या आपल्या आणि पालकही आपणच. म्हणजे, त्या म्हणाल्या, अर्ज बाकी व्यवस्थित आहे, फक्त फोटो चुकून दुसऱ्याच कोणाचा लागलाय.

साहेबांनी सांगितलं की फोटो बरोबर आहे, बाकीचं चुकलंय. बाई म्हणाल्या, खिडकीवर एका अर्जात एकच दुरुस्ती करता येते. फोटो बदलायचा तर आत्ता बदलून देते. स्त्री-पुरुष हे फोटोवरून धरलं जातं, त्याची काळजी नको. नाव बदलायचं तर जन्मतारीख, पालक आणि सही हेही बदलावं लागेल, म्हणजे चार दुरुस्त्या. साहेबांनी वयाचा मुद्दा काढला. आपण चोपन्न वर्षांचे आहोत. बाईंनी पुस्तिका उघडून दाखवली : किमान वय सतरा. कमाल वयाचा उल्लेख नव्हता. अनुभवाची वही मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाची जोडलीय, ती पंधरा दिवसांत आपल्या नावाची आणून द्या, असंही त्यांनी बजावलं.

चार दुरुस्त्या कोण करतं, असं साहेबांनी विचारलं. समिती. समिती कधी बसते? चाचणीच्या दिवशी. समितीपुढे कोण जाऊ शकतं? उमेदवार. आणि चाचणी दिल्याखेरीज कोणाला उमेदवार धरत नाहीत.

"आणि मी आलोच नाही तर?"

"तर ज्या आसनक्रमांकाचे गुण आहेत त्याची एक संधी संपली असं धरतात," बाई म्हणाल्या. त्यांनी अर्ज परत फाईलला लावला आणि पुढच्याला हाक मारली. त्यांचं सगळं बरोबर होतं. साहेब त्यांच्या जागी असते तर त्यांनीही शब्दन् शब्द हेच सांगितलं असतं, आणि हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

बातमी इमारतीत त्यांच्याआधी पोचली होती. औषधवाल्यांनी जिन्यातच हात हातात घेतला. त्यांचं म्हणणं असं की मिळालेली जागा सोडायची नसते. पाच वर्षांत डॉक्टर व्हाल, तोवर निवृत्तीही येईल, मग खाली माझ्या दुकानाशेजारी दवाखाना टाका. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शाळा तपासनीस बाईंनी एवढंच विचारलं की या वयात पाठांतर जमेल का. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की तिथे सगळ्यांना वसतिगृहातच राहावं लागतं ना, आणि सुट्ट्या किती असतात. तिच्या आवाजात साहेबांना थोडी आशा ऐकू आली. ती खरी होती की भास, हे त्यांनी पुढे कधीच तपासलं नाही.

कचेरीत फळ्यावर रंगीत खडूंनी अभिनंदन लिहिलं होतं. खाली गाईचं चित्र होतं. निदान गाय असावी. मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून रजा पाच वर्षांची सलग घेणार की तुकड्यांत, अशी चौकशी केली. त्या दिवशी साहेबांनी नऊ अर्ज परत पाठवले, पण एरवीसारखं समाधान वाटेना.

चाचणीला आठ दिवस होते. लेकीने बापाला एका शब्दाने दोष दिला नाही, त्याऐवजी शिकवायला घेतलं. बैठकीच्या खोलीतला लोड मेंढी झाला. त्याला काखेत कसं धरायचं, मान कुठे, गुडघा कुठे, खूर कसा वर घ्यायचा. लोडाला खूर नाहीत, अशी त्रुटी साहेबांनी काढली. लेक म्हणाली, आहेत असं धरा. कालवडीसाठी मात्र लोड पुरेना. तिच्या तोंडाला दोरीची म्होरकी चढवून तिला पंधरा पावलं चालवत न्यायचं होतं. औषधवाले कालवड व्हायला आपण होऊन तयार झाले. वाहनं लावायच्या जागेत साहेब त्यांना बायकोच्या जुन्या ओढणीने चालवत असताना फाटकातून मोठे साहेब आत आले. ते कशाला आले होते ते कोणालाच कळलं नाही, कारण ते तसेच मागे वळले. औषधवाले म्हणाले, तुम्ही ओढू नका, मी आपोआप येतो. कालवड असं म्हणणार नाही, हे साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांची झोप उडाली.

त्यांना जनावरांची भीती वाटत होती. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण अर्जात कुठे तसा रकाना नव्हता.

चाचणीच्या दिवशी गोठ्यासमोरच्या आवारात एक दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे पालक, पलीकडे उमेदवार. उमेदवारांना रबरी बूट आणि एप्रन दिले होते. दोन्ही अठरा वर्षांच्या अंगाला बेतलेले, त्यामुळे साहेबांचे बूट चढेनात आणि एप्रनची गाठ पोटावर बसेना. पालकांच्या चिठ्ठीवर लेकीने आपलं नाव लिहिलं आणि 'उमेदवाराशी नाते' पुढे लिहिलं, मुलगी. दारावरच्या माणसाने चिठ्ठी वाचली, तिच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि आत सोडलं. दोरीपाशी उभ्या असलेल्या एका आईने लेकीला धीर दिला. पहिल्यांदाच घराबाहेर आलेत का? घाबरू नका, जमेल त्यांना. आमचाही असाच बुजरा आहे.

समितीच्या प्रमुख प्राध्यापिका होत्या. पांढरे केस, हातांवर जुने ओरखडे, आवाज हळू. शेजारी रजिस्टर घेऊन खिडकीतल्या बाई बसल्या होत्या. चौदाव्या नंबराचं नाव पुकारलं गेलं. साहेब पुढे झाले. प्राध्यापिकेने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हटलं, सुरू करा.

साहेबांनी तोंड उघडलं, खुलासा करायला. प्राध्यापिका म्हणाल्या, आधी चाचणी.

पहिलं काम कोंबडी धरून तिचं वजन करण्याचं होतं. साहेब पिंजऱ्यात वाकले आणि कोंबडी आपण होऊन जवळ येईल म्हणून थांबले. ती आली नाही. दोरीपलीकडून लेकीचा आवाज आला, वरून, बाबा, दोन्ही पंख एकदम. त्यांनी डोळे मिटून झडप घातली आणि काय आश्चर्य, हातात कोंबडी होती. ती त्यांनी घाईघाईने काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे, असं कोणीतरी लिहूनही घेतलं. मग साहेबांना दिसेनासं झालं आणि त्यांच्या लक्षात आलं की काट्यावर कोंबडीखाली त्यांचा चष्मा आहे. चष्म्याचं वजन वजा करून नोंद दुरुस्त करावी, असा त्यांनी आग्रह धरला. बाकीची मुलं खाली बघत उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी नोंद दुरुस्त केली आणि समासात सही केली.

दुसरं काम मेंढीचं. मेंढी क्रमांक चारशे सतरा, असं साहेबांच्या चिठ्ठीत होतं. तिला एक मिनिट स्थिर धरायचं आणि पुढचा खूर दाखवायचा. मेंढी काळ्या तोंडाची, लोडापेक्षा पुष्कळ गरम आणि तिला साहेबांबद्दल काडीचा आदर नव्हता. तिने त्यांना आवारात दोनदा फिरवलं. मान काखेत घ्या बाबा, तिच्या डोळ्यांत बघू नका, असं लेक सांगत होती. शेवटी साहेबांनी मेंढीला मिठी मारली, मेंढी थांबली आणि दोघेही धापा टाकत उभे राहिले. त्या अवस्थेत साहेबांच्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर एकच गोष्ट होती, मेंढीच्या कानातला बिल्ला. त्यांनी तो वाचला, कारण समोर आलेलं वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. बिल्ल्यावर लिहिलं होतं, चारशे एकाहत्तर.

"मॅडम," साहेब मेंढीच्या मानेवरून म्हणाले, "ही ती मेंढी नाही."

खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. प्राध्यापिका उठून आल्या. त्यांनी मेंढीचा उजवा कान उलटून पाहिला, दात पाहिले, रजिस्टरातलं वर्णन वाचलं.

"मेंढी हीच आहे," त्या म्हणाल्या. "काळं तोंड, उजवा कान फाटका. वय तिचं, लसी तिच्या. बिल्ले बदलताना कोणीतरी गोंधळ केलाय. दुरुस्त करा आणि पुढे चला."

बाईंनी पट्टी घेतली. क्रमांक खोडला, त्याखालचे बिल्ल्याविषयीचे आणखी तीन रकाने खोडले, नीट लिहिलं आणि चारही ठिकाणी समासात सही केली. साहेब मेंढीसकट बघत होते. चार रकाने. समासात. सव्वीस वर्षांची नोकरी त्यांच्या कामी आली ती या एका क्षणी, कारण एकदा पडलेला पायंडा म्हणजे काय हे त्या आवारात त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं.

"मॅडम, माझं पण हेच झालंय," ते म्हणाले. "गुण तिचे आहेत. फोटो तिचा. तीनशे तासांची वही तिची. बिल्ला तेवढा माझा लागलाय."

"कोणी लावला?"

साहेबांनी दोरीकडे पाहिलं. लेक दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती, आणि या खेपेस ती काही सुचवत नव्हती.

"मी लावला," साहेब म्हणाले. "चूक माझी आहे."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. ते इतकं लहान असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

प्राध्यापिकेने अर्ज मागवला आणि पहिलं पान वाचलं. 'पालकाचे नाव' या रकान्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या, पण हसल्या नाहीत. कारण लेखी द्या, असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. साहेबांच्या एका काखेत मेंढी होती, ती सोडा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांनी उरलेल्या हाताने लिहिलं : 'घरातला प्रत्येक अर्ज माझाच असतो अशी सवय होती. हा तिचा आहे हे ध्यानात आले नाही.' अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"बोलवा तिला," प्राध्यापिका म्हणाल्या.

लेक दोरीखालून आली. तिला बूट बरोबर बसले. कोंबडी तिने उचलली हे बघणाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत वजनही झालं होतं. मेंढी तिने बापाच्या काखेतून काढून घेतली तेव्हा मेंढीने मान तिच्या गुडघ्याला टेकवली. मग कालवड. त्या कालवडीने सकाळपासून तीन मुलांना भिंतीशी दाबलं होतं. लेक तिच्याजवळ एकदम गेली नाही. बाजूला उभी राहिली, हात हुंगायला दिला, काहीतरी पुटपुटली, गळ्याखाली खाजवलं. म्होरकी कधी चढली ते कळलंच नाही. पंधरा पावलं झाली, पण लेक तेवढ्यावर थांबली नाही, वाकून कालवडीच्या मागच्या पायाकडे बघायला लागली. मग तिने खांदा कालवडीच्या अंगाला लावला, पाय उचलून मांडीवर घेतला आणि खुरातून बोटाने खडा काढला. खडा तिने प्राध्यापिकेच्या हातावर ठेवला. सकाळपासून लंगडत होती, म्हणाली, म्हणून कोणाला जवळ येऊ देत नव्हती.

साहेबांना गेल्या आठ दिवसांत बसलेले धक्के यापुढे काहीच नव्हते. ही त्यांची मुलगी होती. अठरा वर्षं ती त्यांच्याच घरात वाढली होती आणि ती हे करू शकते याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यांना फक्त चपला आणि बादली माहीत होती. तिला गुण किती मिळाले, हे त्यांनी अकरा पानांच्या अर्जात दशांश चिन्हासकट लिहिलं होतं, पण तिला काय येतं हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना लाज वाटली आणि त्याच वेळी अभिमानाने छाती भरून आली. दोन्ही एकदम आलं तर काय करायचं हे ठाऊक नसल्याने ते एप्रनला चष्मा पुसत राहिले.

खिडकीतल्या बाईंनी पट्टी ठेवून चार रकाने खोडले. प्रत्येक ठिकाणी समासात साहेबांनी सही करायची होती. चौथी सही झाल्यावर बाई हळूच म्हणाल्या की तो बिल्ल्यांचा गोंधळ त्यांचाच होता. साहेब म्हणाले, असू दे, होतं. आपण हे बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही.

निकाल आठवड्याने लागला. लेक साठांत नववी होती. साहेबांचे पन्नासपैकी तेरा गुण कॉलेजच्या दप्तरात 'उमेदवारी मागे' या शेऱ्याखाली कायमचे राहिले. त्यातले बरेचसे चष्म्याच्या वजनाबद्दलच्या सचोटीचे असावेत, असं औषधवाल्यांचं मत पडलं. दुकानाशेजारचा दवाखाना हुकला म्हणून ते थोडे खट्टू झाले होते. कचेरीतला फळा पुसला गेला, पण गाय कोणीतरी तशीच ठेवली. त्या आठवड्यात नव्या नळजोडणीचे सहा अर्ज पहिल्या फेरीत पास झाले. साहेबांची तब्येत बरी आहे ना, असं मोठ्या साहेबांनी त्यांच्या बायकोला फोन करून विचारलं.

निवड झाल्यावर कॉलेजात दाखल होण्याचा अर्ज वेगळा होता, सात पानी. तो रविवारी जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला लेक भरत होती, आणि बाकीच्या टेबलावर बायकोने ताटं मांडली होती. साहेब हात मांडीवर ठेवून बसले होते. दोनदा त्यांचा हात पट्टीकडे गेला आणि दोनदा परत आला. शेवटी लेकीने कागद त्यांच्याकडे सरकवला. एकच रकाना उरला होता, पालकाचा.

साहेबांनी तो रकाना तीनदा वाचला. मग सावकाश, अक्षर अक्षर जोडत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. 'स्वतः' लिहिलं नाही. नंतर त्यांनी जे केलं ते सव्वीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद फिरवून लेकीपुढे धरला आणि म्हणाले, "जरा बघ गं. काही राहिलं नाही ना?"

लेकीने वरून खाली वाचलं. मग तळाशी बोट ठेवलं.

"सही राहिलीय, बाबा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तिच्या हातातलं पेन मागून घेतलं.